जुनी हिऱ्याची अंगठी नेमकी कुठल्या काळातली, आणि ती तशीच का दिसते

जुन्या सोन्याच्या आणि हिऱ्याच्या अंगठ्या बघायला लागलं की आधी नावांचाच गोंधळ होतो. जॉर्जियन, व्हिक्टोरियन, एडवर्डियन, आर्ट डेको, रेट्रो, प्रत्येक नावाखाली ढीगभर फोटो आणि त्यातले निम्मे एकमेकांसारखेच दिसणारे. मग बरेच जण नक्षी बघून अंदाज बांधतात, फुलंपानं दिसली की व्हिक्टोरियन, सरळ रेषा दिसल्या की डेको. हे थोडंफार चालतं, पण फसायलाही होतं कारण नक्षीची नक्कल कुणीही करू शकतो, आजही करतात. मला वाटतं त्यापेक्षा कारणं समजून घ्यावीत. त्या काळात हिरे कुठून यायचे, कुठला धातू वितळवता यायचा, रात्री घरात उजेड कशाचा असायचा, सरकारने कशावर बंदी घातली होती, ही कारणं कळली की नावं पाठ करावी लागत नाहीत, अंगठी हातात घेतली की ती आपोआप बोलायला लागते.

एक आधीच सांगून टाकते, ही सगळी नावं युरोप-अमेरिकेतल्या दागिन्यांची आहेत आणि बरीचशी ब्रिटनच्या राजाराण्यांवरून पडलेली आहेत. आणि अँटिक आणि व्हिंटेज हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात पण व्यापारात सहसा शंभर वर्षांच्या वरची वस्तू अँटिक आणि त्याहून नवी पण काही दशकं जुनी असलेली ती व्हिंटेज, असं धरतात. म्हणजे १९२० ची अंगठी आता अँटिक झाली आणि १९५० ची अजून व्हिंटेज आहे.

सुरुवात हिऱ्यापासून करू कारण खरी गंमत तिथे आहे. १७२० च्या दशकापर्यंत युरोपात येणारे हिरे जवळजवळ सगळे भारतातून जायचे, गोवळकोंड्याच्या आसपासच्या खाणींतून. मग ब्राझीलमध्ये सापडले, पण तरी हिरा ही दुर्मिळच गोष्ट राहिली, राजघराणी आणि फार श्रीमंत लोक सोडले तर कुणाच्या बोटात दिसायची नाही. आता जेव्हा एखादा दगड इतका महाग असतो आणि तो कापायला मशीन नसतं, तेव्हा कारागीर काय करेल? जितकं वजन वाचवता येईल तितकं वाचवेल. कच्चा हिरा बऱ्याचदा दोन पिरॅमिड तळाला तळ लावून ठेवल्यासारख्या आकारात सापडतो, आणि हाताने घासून पैलू पाडणारा माणूस त्याच आकाराच्या मागे मागे जायचा. त्यातून जो कट तयार झाला त्याला ओल्ड माइन कट म्हणतात. वरून बघितला तर पूर्ण गोल नाही, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन, उशीसारखा. वरचा भाग उंच, वरचा सपाट पैलू म्हणजे टेबल अगदी लहान, आणि खाली टोक न ठेवता ते थोडं सपाट कापलेलं. हे टोक कापायचं कारण साधं होतं, टोक ठेवलं तर ते टवकायची भीती. वरून बघताना हिऱ्याच्या मधोमध एक छोटं गोल भोक असल्यासारखं दिसतं ना, ते भोक नसतं, ते हेच सपाट केलेलं टोक असतं. नवीन लोकांना तो दोष वाटतो. माझ्या दृष्टीने जुना हिरा ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण आहे.

आणि उजेड. हे हिरे मेणबत्तीच्या, तेलाच्या दिव्याच्या, पुढे गॅसच्या दिव्याच्या उजेडात बघितले जायचे. उंच माथा आणि मोठेमोठे पैलू असले की मंद, हलत्या उजेडात हिरा मोठ्या मोठ्या ठिपक्यांनी चमकतो, लाल निळ्या केशरी रंगाचे झोत निघतात. आजचा गोल ब्रिलियंट कट वेगळा वागतो, तो पांढऱ्या उजेडाचे खूप सारे बारीक तुकडे करून परत पाठवतो. म्हणून जुना हिरा दुकानातल्या झगझगीत लाइटखाली बघून कधीकधी निराशा होते, तोच संध्याकाळी घरातल्या एका पिवळ्या दिव्याखाली बघितला तर माणूस बघतच राहतो. जुनी अंगठी बघायची असेल तर शक्यतो मंद उजेडात एकदा नक्की बघा.

ओल्ड माइननंतर आला ओल्ड युरोपियन कट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत हिरा गोल करायची मशीनं आली, त्यामुळे आकार खरोखरचा गोल झाला, पण माथा अजून उंचच, टेबल लहानच, टोक कापलेलंच. मग १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरने हिऱ्यात प्रकाश कसा फिरतो याचं गणित मांडलं आणि सगळ्यात चांगली चमक कुठल्या कोनांत मिळते ते आकड्यांत सांगितलं. आजच्या गोल ब्रिलियंटचा पाया तोच. पण एका रात्रीत सगळे कारागीर बदलले असं काही झालं नाही, १९२० आणि ३० च्या दशकात ना धड जुने ना धड नवे असे मधले कट खूप दिसतात आणि ते त्या काळाचे अगदी खरे हिरे आहेत.

आता धातू. जॉर्जियन काळ म्हणजे साधारण १७१४ ते १८३७. या काळात हिरा पांढरा दिसावा म्हणून तो चांदीत बसवायचे कारण पिवळ्या सोन्यात त्याला पिवळी झाक येते. पण चांदी काळी पडते, बोटाला डाग पडतात, म्हणून मग वरचा भाग चांदीचा आणि बोटाला लागणारा मागचा भाग सोन्याचा अशी जोडणी. शिवाय दगडाची मागची बाजू पूर्ण बंद असायची आणि त्यात दगडाखाली चमकदार पातळ धातूचा पत्रा, फॉइल, ठेवायचे म्हणजे कमी उजेडातही दगड खालून उजळतो. अशी अंगठी मिळाली तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, पाण्यात घालायची नाही. हात धुताना काढा, आणि दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर अजिबात टाकू देऊ नका, पाणी आत गेलं की फॉइल काळं पडतं आणि दगड कायमचा मेल्यासारखा दिसतो. खऱ्या जॉर्जियन अंगठ्या आता कमीच उरल्यात कारण पुढच्या पिढ्यांनी त्यातले दगड काढून नव्या फॅशनमध्ये बसवले.

व्हिक्टोरिया राणी १८३७ ला गादीवर आली आणि १९०१ पर्यंत राहिली, म्हणजे चौसष्ट वर्षांचा काळ एकाच नावाखाली आपण कोंबतो, तो काही एकसारखा नाही. सुरुवातीला सगळं भावनेचं, प्रेमाचं. पुढे तिचा नवरा झालेल्या अल्बर्टने तिला साखरपुड्याला दिलेली अंगठी सापाच्या आकाराची होती, पाचू जडवलेली, आणि साप म्हणजे न संपणारं प्रेम असा अर्थ असल्याने सापाच्या अंगठ्यांची लाटच आली. दगडांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडून शब्द तयार व्हावा अशा अंगठ्या पण याच काळात लोकप्रिय होत्या, माणिक, पाचू, गार्नेट, ॲमेथिस्ट, परत माणिक आणि शेवटी हिरा असे ओळीत बसवले की 'रिगार्ड' शब्द होतो. मग डिसेंबर १८६१ मध्ये अल्बर्ट गेला आणि राणीने उरलेलं आयुष्य काळ्या कपड्यांत काढलं, तिच्यामागे अख्ख्या देशात शोकाचे दागिने आले. काळा मीना, व्हिटबी गावचा जेट नावाचा काळा दगडासारखा पदार्थ, आणि गेलेल्या माणसाचे केस काचेखाली ठेवलेल्या अंगठ्या. आतल्या बाजूला नाव आणि मृत्यूची तारीख कोरलेली असते. काही लोकांना अशी अंगठी नकोशी वाटते, मला ती सगळ्यात प्रामाणिक वस्तू वाटते कारण तिच्यावर तारीखच लिहिलेली आहे.

याच काळात दोन मोठे बदल झाले. पहिला, १८६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीच्या भागात हिरा सापडल्याचं पक्कं झालं, पाठोपाठ किंबर्लीच्या खाणी आल्या आणि हिऱ्यांचा पुरवठा एकदम वाढला. १८८८ मध्ये डी बिअर्स कंपनी उभी राहिली ती याच पुरवठ्यावर ताबा ठेवायला. यामुळे मध्यमवर्गाला पहिल्यांदा हिऱ्याची अंगठी परवडायला लागली आणि एका ओळीत पाच हिरे, मध्ये रंगीत दगड आणि भोवती हिऱ्यांचं फूल, अशा अंगठ्या भरपूर बनायला लागल्या. मागची बाजू पण आता उघडी ठेवायला लागले, उजेड हिऱ्यातून आरपार जावा म्हणून. अमेरिकेत १८८६ मध्ये टिफनी या जवाहिऱ्यांनी एकच हिरा सहा काट्यांवर उंच उचलून धरणारी अंगठी आणली, आज साखरपुड्याची अंगठी म्हटलं की डोळ्यासमोर येते ती हीच रचना.

दुसरा बदल कायद्याचा आणि तारीख ठरवायला हा फार कामाचा. ब्रिटनमध्ये १८५४ ला ९, १२ आणि १५ कॅरट सोन्याला हॉलमार्क द्यायला परवानगी मिळाली. त्यातले १२ आणि १५ पुढे १९३२ मध्ये बंद केले आणि त्यांच्या जागी १४ कॅरट आलं. म्हणजे अंगठीत आत १५ चा किंवा .६२५ चा ब्रिटिश शिक्का दिसला तर ती १८५४ ते १९३२ मधलीच, वाद संपला. आणि याच्या उलट, कुणी १४ कॅरटचा ब्रिटिश हॉलमार्क असलेली अंगठी व्हिक्टोरियन म्हणून दाखवली तर तिथेच थांबा.

आता प्लॅटिनम, कारण एडवर्डियन, म्हणजे व्हिक्टोरियानंतर आलेल्या एडवर्ड राजाच्या काळातली अंगठी म्हणजे प्लॅटिनमची गोष्ट. हा धातू युरोपला आधीपासून माहीत होता पण तो वितळायला साधारण १७६८ अंश सेल्सिअस लागतात, सोन्याला १०६४ पुरतात, चांदीला त्याहून कमी. साध्या सोनाराच्या फुंकणीने ते होणारच नव्हतं. १९०० च्या आसपास ऑक्सिजनवर चालणारे जास्त गरम टॉर्च कारखान्यांत सर्रास आले आणि मग प्लॅटिनमचं काम सोपं झालं. प्लॅटिनम काळं पडत नाही, पांढरं आहे, आणि मुख्य म्हणजे फार चिवट आहे, इतकं की केसासारख्या बारीक तारेनेही हिरा घट्ट धरून ठेवता येतो. चांदीत हे जमत नव्हतं, चांदी मऊ म्हणून तिथे भिंती जाड ठेवाव्या लागायच्या. त्यामुळे १९०१ ते साधारण १९१४ मधल्या अंगठ्या बघितल्या तर धातू जवळजवळ दिसतच नाही, सगळं लेससारखं जाळीकाम, हार, पानांच्या वेली, रिबिनींच्या गाठी, आणि कडेला बारीक बारीक मण्यांची रांग ज्याला मिलग्रेन म्हणतात. पॅरिसमध्ये कार्तिए हे जवाहिऱ्यांचं घराणं या शैलीत सगळ्यात पुढे होतं. या अंगठ्यांत हिरे लहान असले तरी बिघडत नाही, सगळी कमाल हातकामाची आहे. बऱ्याच ब्रिटिश अंगठ्यांत बँड १८ कॅरट पिवळ्या सोन्याचा आणि फक्त वरचा भाग प्लॅटिनमचा असतो आणि आत '१८ सीटी प्लॅट' असं ठोकलेलं असतं. तिथे प्लॅटिनमचा अधिकृत हॉलमार्क शोधू नका, ब्रिटनमध्ये तो सुरूच झाला १९७५ ला.

(याच सुमारास फ्रान्समध्ये आर्ट नूव्हो नावाची शैली पण चालू होती, लालिकसारखे दागिनेकार वगैरे, पण त्यात काचेसारखा मीना, शिंग, साधे दगड यांना मान होता, हिऱ्याला फारसा नाही, म्हणून इथे थांबत नाही.)

मग पहिलं महायुद्ध आलं. प्लॅटिनम स्फोटकांसाठी लागणारं आम्ल बनवायच्या प्रक्रियेत वापरायचे, त्यामुळे सरकारांनी ते युद्धासाठी राखून ठेवलं, आणि जगातलं बरंचसं प्लॅटिनम रशियातून यायचं तिथे १९१७ ला क्रांती झाली. पांढऱ्या धातूची सवय तर लोकांना लागलेली. म्हणून सोन्यात निकेलसारखे धातू मिसळून पांढरं सोनं तयार केलं गेलं, ते बाजारात आलं १९१० च्या दशकात. म्हणजे पूर्ण पांढऱ्या सोन्याची अंगठी व्हिक्टोरियन असूच शकत नाही, हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतील.

आर्ट डेको म्हणजे १९२० आणि ३० ची दशकं. १९२५ मध्ये पॅरिसला सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या नावातून पुढे हे नाव घेतलं, पण ते रूढ झालं १९६० च्या दशकात, त्या काळातले लोक स्वतःच्या अंगठीला आर्ट डेको म्हणत नव्हते. वेली आणि हार गेले, रेषा आल्या. चौकोन, षटकोन, पायऱ्या, पंखे. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर सापडली आणि इजिप्तची नक्षी, कमळं, भुंगे दागिन्यांत घुसले. रंग पण ठळक झाले, पांढऱ्या हिऱ्याला लागून काळा ऑनिक्स, हिरवा पाचू, निळा नीलम. पायऱ्यांसारखे लांब पैलू असलेले कट या भौमितिक नक्षीत फिट बसायचे, एमराल्ड कट, बॅगेट, आणि ॲमस्टरडॅमच्या जोसेफ आशरने १९०२ मध्ये काढलेला चौकोनी आशर कट. अमेरिकेत याच वेळी पांढऱ्या सोन्याची जाळीदार अंगठी साच्यात दाबून मोठ्या संख्येने बनायला लागली, त्यामुळे आज डेको म्हणून सगळ्यात जास्त सापडते ती हीच.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी कारण लोक यावरून उगाच घाबरतात. डेको अंगठीत हिऱ्याच्या कडेने जे लहान लहान चौकोनी निळे दगड असतात ते बऱ्याचदा खाणीतले नीलम नसतात, कारखान्यात बनवलेले असतात. ऑगस्त व्हर्नॉयने ज्योतीत वितळवून माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली आणि १९१० च्या आसपास निळा नीलमही बनायला लागला. एकाच छटेचे, एकाच मापाचे, कडेला कडा लावून बसवायचे दगड हवे असतील तर हे फार सोयीचं होतं, म्हणून चांगल्या अंगठ्यांतही ते वापरले गेले. तेव्हा भिंगाखाली वळणदार रेषा दिसल्या, किंवा गोल बुडबुडे दिसले, तर दगड कृत्रिम आहे, बरोबर, पण अंगठी खोटी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. किंमत मात्र त्याप्रमाणे कमी असायला पाहिजे आणि विकणाऱ्याने ते सांगायला पाहिजे.

रेट्रो काळ १९३५ ते ५० चा. परत युद्ध, परत प्लॅटिनम बंद, अमेरिकेत १९४२ पासून ते दागिन्यांत वापरायला मनाई झाली. मग सोनं परत आलं, पिवळं आणि तांबं जास्त घातलेलं गुलाबी. चांगले दगड मिळेनात म्हणून सोन्यालाच मोठं केलं, पट्टे, गुंडाळ्या, बो, बोटावर टेकडीसारखी उंच अंगठी, आणि मध्ये मोठा ॲमेथिस्ट, सिट्रीन किंवा कृत्रिम माणिक, हिरे नुसते कडेला. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये 'अ डायमंड इज फॉरएव्हर' ही डी बिअर्सची ओळ आली, ती लिहिली होती फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात एजन्सीतल्या बाईंनी, आणि ५० च्या दशकात परत पांढरा धातू आणि मध्ये एक हिरा याकडे सगळे वळले.

आता शिक्क्यांबद्दल. ब्रिटिश हॉलमार्क वाचायला शिका, खरंच अवघड नाही. शिक्का कुठल्या शहरात मारला ते चित्रावरून कळतं, बिबळ्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, किल्ला म्हणजे एडिंबरा, आणि सोबत एक अक्षर असतं ते वर्ष सांगतं. चेस्टर शहरातलं हॉलमार्क देणारं कार्यालय १९६२ ला बंद झालं म्हणून चेस्टरचा शिक्का म्हणजे त्याच्या आधीची वस्तू. फ्रेंच १८ कॅरटवर गरुडाचं डोकं असतं, १८३८ पासून. अमेरिकेत मात्र सरकारी तपासणी कार्यालय नाहीच, बनवणाराच १४के, १८के ठोकतो. आणि शिक्का नसला म्हणजे बनावट असं धरू नका, ब्रिटनमध्ये दगड जडवलेल्या बऱ्याच अंगठ्यांना १९७५ पर्यंत हॉलमार्कमधून सूट होती, शिवाय अंगठी लहान-मोठी करताना शिक्का कापला गेलेला असतो.

तारीख ठरवताना माझा एकच नियम आहे, अंगठीतली सगळ्यात नवी गोष्ट शोधा. शिक्का १९१० चा पण मधला हिरा आजच्या मापाचा गोल ब्रिलियंट, तर हिरा नंतर बदललाय. उलट दिशेने हे चालत नाही, जुना ओल्ड माइन हिरा बघून अख्खी अंगठी जुनी म्हणायची नाही कारण हिरे पिढ्यान्पिढ्या नव्या घडणीत बसत आलेत. जोड पण बघा. जुन्या टायपिनचा किंवा कानातल्याचा वरचा भाग घेऊन त्याला नवा बँड लावलेल्या अंगठ्या खूप असतात, वरचा भाग बँडला जिथे मिळतो तिथे सोल्डरची रेघ आणि सोन्याचा वेगळा रंग दिसतो. त्यात वाईट काही नाही, फक्त तसं सांगून विकायला हवी.

नक्कल ओळखायची तर अंगठी उलटी करा. वरून सगळ्या सुंदर असतात, खरं काम आतून कळतं. हाताने करवतीने कापलेली जाळी आतूनही स्वच्छ असते, भोकांच्या कडांना बारीक ओरखडे दिसतात. मेणाच्या साच्यातून ओतलेल्या आजच्या नकलेत आतली बाजू खरखरीत, भोकं बुजलेली, कधी सुईने टोचल्यासारखी छिद्रं, आणि मिलग्रेनचे मणी एकमेकांत विरघळलेले दिसतात. झीज पण बघा. शंभर वर्षं घातलेली अंगठी तळहाताच्या बाजूने पातळ झालेली असते, काटे वरून घासून चपटे झालेले असतात. सगळीकडे सारखीच झिजलेली अंगठी मला संशयास्पद वाटते. आणि तळहाताच्या बाजूला राखाडी डाग दिसला तर कुणीतरी शिशाच्या सोल्डरने दुरुस्ती केलीय, ती नीट काढून घेणं खर्चाचं काम असतं, भाव करताना ते धरा.

घ्यायची ठरली तर घालायच्या आधी काटे तपासून घ्या, झिजले असतील तर त्यावर धातू चढवता येतो आणि ते आधी करायचं, हिरा पडल्यावर नाही. सर्टिफिकेट मागत असाल तर हेही माहीत असू द्या की जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकन संस्था आपली कटची श्रेणी आजच्या गोल ब्रिलियंटला देते, ओल्ड युरोपियन असेल तर तिथे ती नसते, म्हणून त्या रकान्यात काही नाही याचा अर्थ कट वाईट असा नाही. रंगात पण जुन्या हिऱ्यांकडे जरा सैल हाताने बघा, किंचित पिवळसर हिरा पिवळ्या सोन्यात आणि दिव्याच्या उजेडात फार छान दिसतो, सर्टिफिकेटवरचं रंगाच्या श्रेणीचं अक्षर काहीही असो.

आणि कुणी तुम्हाला सुचवलं की हा जुना हिरा रीकट करून आजच्यासारखा करून घ्या, जास्त चमकेल, तर कृपया नको म्हणा. उंच माथा छाटताना वजन जातं ते जातंच, आणि जे हाताने, नजरेने, त्या एका दगडापुरतं पाडलेले पैलू होते ते पण जातात, मग उरतो तो लाखो हिऱ्यांसारखाच एक थोडा लहान हिरा. कडेला छोटा टवका असेल तर तो सेटिंगच्या काट्याखाली घेता येतो, चांगला कारागीर ते करून देतो, आधी त्यालाच विचारा.